समुद्रापलीकडची पंगत

परदेशगमन ही आज आपल्या ज्ञातिकुटुंबांना नवलाची गोष्ट राहिलेली नाही. या स्मरणिकेच्या अभिनंदनाच्या पानांवर दरवर्षी ज्या मुलामुलींची नावे छापली जातात, त्यांतील कित्येक आज सातासमुद्रापलीकडे शिकत किंवा नोकरी करीत आहेत. त्यांच्या मागोमाग आईवडीलही पारपत्र घेऊन निघतात. सहलींची तर गोष्टच वेगळी. संमेलनाच्या दिवशी दुपारची जेवणे आटोपली की छायाचित्रे हातोहात फिरू लागतात. त्यांत मनोरे असतात, पूल असतात, बर्फ असते, धबधबे असतात. त्या देशाची माणसे मात्र क्वचितच असतात. गेल्या संमेलनात एका भगिनीस आम्ही सहज विचारले की, पंधरा दिवसांच्या युरोपच्या प्रवासात आपण तिकडच्या कोणाच्या घरी गेलात काय? त्या आश्चर्याने म्हणाल्या, "घरी कशाला जायचे? आमच्याबरोबर आपला आचारी होता. रोज वरणभात मिळाला!"

हे उत्तर ऐकून आम्हांस प्रथम हसू आले, आणि मागाहून दोनशे चाळीस वर्षांपूर्वीचे एक काचेचे घर आठवले. त्या घराची हकीकत प्रथम सांगतो.

राघोबादादांनी इंग्रजांचे साहाय्य मिळविण्याच्या खटपटीत आपले वकील थेट विलायतेस पाठविले होते. हनुमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ आणि त्यांच्याबरोबर मणियार हे पारशी पितापुत्र, अशी ही मंडळी इ. स. १७८१ मध्ये लंडनमध्ये होती. हनुमंतरावांचे तेथे अतोनात हाल झाले. परक्याच्या हातचे अन्न चालत नाही, परक्याच्या चुलीवर शिजविता येत नाही, आणि भाड्याच्या खोलीत सोवळे ते कोठवर सांभाळणार? पार्लमेंटातील नामांकित वक्ते एडमंड बर्क यांस हे कळले, तेव्हा त्यांनी या पाहुण्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या वाडीवर नेले. थंडीत नाजूक झाडे जगविण्यासाठी तिकडे काचेची घरे बांधतात. बर्कसाहेबांनी आपले तसले घर हनुमंतरावांच्या स्वयंपाकासाठी रिकामे करून दिले. पुढे राघोबादादांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी अशा आशयाची कबुली दिली की, आपल्या वकिलास प्रथम जो त्रास झाला, तो आमच्या देशाच्या अज्ञानामुळे झाला, दुष्टपणामुळे नव्हे.

आम्हांस या प्रसंगाचे नेहमी कौतुक वाटत आले आहे. परंतु ते बर्कसाहेबांचे. त्या इंग्रज गृहस्थाने पाहुण्याचा आचार डोळे उघडे ठेवून पाहिला, त्यातून काही शिकला, आणि पुढे हिंदुस्थानच्या प्रश्नावर बोलताना ते ज्ञान उपयोगात आणले. उलट आमच्या हनुमंतरावांनी बीकन्सफील्डला काय पाहिले? यजमानीणबाई घर कसे चालवीत, त्यांच्या पानात काय वाढले जाई, रविवारी ती मंडळी कोठे जात? याविषयी हनुमंतरावांची एक ओळही आमच्या वाचनात आलेली नाही. काचेच्या घरातून बाहेरचे सर्व दिसते, हे खरे. पण ते घर बाहेरून पाहण्यासाठीही असते, आणि येथे तेच अधिक झाले असावे.

परत आल्यावर काय झाले, ते विल्फर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 'एशियाटिक रिसर्चेस' या ग्रंथमालेत नमूद केले आहे. राघोबादादांनी विलायतेस धाडलेल्या ब्राह्मणांना स्वदेशी येताच वाळीत टाकण्यात आले. पुष्कळ खल झाला. अखेर, त्यांचे वर्तन चांगले होते आणि प्रवासाचा हेतू राज्यहिताचा होता, हे ध्यानात घेऊन सोन्याची योनी घडवावी आणि तिच्यातून बाहेर पडून त्यांनी नवा जन्म घ्यावा, असा निर्णय झाला. नव्याने जन्मलेल्या मनुष्यास मागील जन्मीची हकीकत कोण विचारणार?

येथे शास्त्राची बाजूही सांगितली पाहिजे. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास पातित्य आणणाऱ्या कर्मांत गणला आहे. त्याच ग्रंथात तो उत्तरेकडील लोकांचा आचार असल्याचेही म्हटले आहे. म्हणजे लोक जात होतेच. पुढे कलिवर्ज्य प्रकरणात हा निर्बंध इतका कडक झाला की, समुद्रपार गेलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले, तरी त्याच्याशी व्यवहार करू नये, असे वचन आले. आमच्या अल्पमतीस असे वाटते की, खरे भय खाऱ्या पाण्याचे नव्हतेच. कित्येक महिने गलबतावर आणि परमुलखात हा मनुष्य कोणाच्या पंक्तीस बसला, कोणाच्या हातचे पाणी प्याला, याचा हिशेब ज्ञातीला लागत नसे, आणि भय होते ते त्या न लागलेल्या हिशेबाचे. हा निर्बंधही सर्व मराठी माणसांना सारखा नव्हता. रत्नागिरीकडचे खलाशी आगबोटींवर गेले, कोकणातील मजूर एकोणिसाव्या शतकात मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेले आणि त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव करतात, मराठा पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढल्या. त्यांच्यासाठी सोन्याची योनी घडविण्याचा विचार कोणाच्या मनात आला नाही. सोवळ्याची चिंता ज्यांच्या घरी, तेथेच ही अडचण होती.

हनुमंतरावांनंतर साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले. महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करण्यात आले, १८४७ मध्ये ते काशीस कालवश झाले, पुढील वर्षी राज्यही खालसा झाले. तरी रंगो बापूजी सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये कंपनीच्या भागीदारांपुढे धन्याची बाजू मांडीत राहिले आणि १८५३ मध्ये रिकाम्या हाताने परतले. त्यांची कथा स्वामिनिष्ठेची आहे. तिचा विस्तार करण्याचे हे स्थळ नव्हे.

ज्यांच्या प्रवासाने या विषयास निराळेच वळण दिले, त्या दोघी स्त्रिया होत्या.

आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्या घरोघरी ठाऊक आहे. पण त्या वैद्यकीच्या पाठशाळेत जाण्यापूर्वी एका घरात गेल्या होत्या, हे फारसे कोणी सांगत नाही. अमेरिकेच्या न्यू जर्सी प्रांतात रोझेल नावाचे गाव आहे. तेथील कार्पेंटर नावाच्या गृहिणीने, दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहात बसली असता, मिशनऱ्यांच्या एका मासिकात गोपाळराव जोशी यांचा पत्रव्यवहार वाचला. हिंदुस्थानातील कोणी गृहस्थ पत्नीच्या शिक्षणासाठी धडपडत आहे, एवढेच तिला समजले. तिने पत्र टाकले, आणि आनंदीबाई तिला 'मावशी' म्हणू लागल्या. पुढील दोन-अडीच वर्षांत या दोघींनी परस्परांना पत्रांतून इतके ओळखले की, ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेली अठरा वर्षांची ही मुलगी जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली, तेव्हा ती परक्या देशात आली असली, तरी परक्या घरी आली नव्हती.

निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील महाविद्यालयात त्यांनी इंग्रजीतून भाषण केले होते. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी तेथे जाहीर केले. ही प्रतिज्ञा त्यांनी पाळली. अन्न शाकाहारी ठेवले, कुंकू ठेवले, लुगडे ठेवले. मात्र फिलाडेल्फियाच्या थंडीत आणि तेथील रीतीस नऊवारीने पोटऱ्या झाकेनात, तेव्हा त्या गुजराती पद्धतीने नेसू लागल्या. आम्हांस ही लहानशी गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांनी वस्त्र टाकले नाही आणि हट्टही धरला नाही. यजमानांच्या घरात ज्याने संकोच होईल तेवढे बदलले, आणि बदलही आपल्याच देशातील नेसणीतून घेतला. तीन वर्षांच्या अभ्यासानंतर ११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन आर्यांमधील प्रसूतिशास्त्र. अमेरिकेच्या शाळेत बसून त्यांनी अमेरिकन परीक्षकांना आपल्या घरचे ज्ञान सांगितले.

त्यांच्या पदवीदान समारंभासाठी इंग्लंडहून मुद्दाम पंडिता रमाबाई आल्या होत्या. रमाबाई १८८३ मध्येच विलायतेस गेल्या होत्या, आणि त्याच वर्षी वाँटिज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यांच्या धर्मांतराविषयी आमच्या आजोबांच्या पिढीत पुष्कळ कडवटपणे बोलले गेले, आणि काही घरांत अजून बोलले जाते. तो वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. परंतु मठातील भगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार उपलब्ध आहे, तो आपल्या मंडळींनी अवश्य वाचावा. धर्म बदलला तरी रमाबाईंनी मांसाहार पत्करला नाही. अंगावर धारण करावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे आहेत असे पाहून, ती संस्कृतात का नसावीत, असा त्यांनी वाद घातला. लॅटिन आपल्या लोकांस समजत नाही, मग संस्कृतापेक्षा ती अधिक पवित्र कशी? भगिनींना हा अहंकार वाटला. आम्हांस मात्र असे वाटते की, यजमानाच्या घरात राहून यजमानाशी असा वाद घालणारा पाहुणाच ते घर खरोखर पाहात असतो.

अमेरिकेत त्या १८८८ च्या अखेरपर्यंत राहिल्या, गावोगाव व्याख्याने देत फिरल्या आणि ठिकठिकाणी लोकांच्या घरी उतरल्या. या प्रवासाचे फळ म्हणजे १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेले 'यूनायटेड स्टेट्स्‌ची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक. नावात 'लोकस्थिती' आधी आणि 'प्रवासवृत्त' नंतर, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. तेथील राज्यव्यवस्था, घरे, शाळा, धर्मपंथ, व्यापार आणि विशेषतः स्त्रियांच्या संस्था, यांचे त्यांनी बारकाईने वर्णन केले. मद्यपानाविरुद्ध देशभर संघटित झालेल्या स्त्रिया पाहून त्यांना विलक्षण उत्साह आला. पण त्या भारावून गेल्या नाहीत. स्वातंत्र्याचा उद्घोष करणाऱ्या त्या देशात काळ्या लोकांना आणि मूळच्या रहिवाशांना कसे वागविले जाते, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. जातिभेदाच्या देशातून आलेल्या बाईला परक्या देशातील जातिभेद ओळखण्यास वेळ लागला नाही.

याच सुमारास, १८८८ मध्ये, मुंबईत मोढ वणिक ज्ञातीची सभा भरली होती. मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाला होता. ज्ञातीच्या शेटजींनी त्याला सर्वांसमक्ष जाब विचारला, तो ऐकेना तेव्हा ज्ञातिबाह्य ठरविले, आणि जो कोणी त्याला मदत करील किंवा निरोप द्यावयास बंदरावर जाईल त्यास सव्वा रुपया दंड बसविला. त्याच्या प्रवासाचे पैसे ज्या मेहुण्याकडे ठेवले होते, त्याने ज्ञातीच्या भयाने ते देण्याचे नाकारले. सव्वा रुपया! आम्ही ज्ञातिसंस्थेचे जुने कार्यकर्ते आहोत. तो आकडा वाचताना आम्हांस दर वेळी ओशाळे व्हावयास होते.

लंडनमध्ये गांधीजींनी प्रथम काय केले, हे त्यांनी आत्मचरित्रात प्रांजळपणे सांगितले आहे. एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली, बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा पोशाख शिवविला, तीन पौंड भरून नाच शिकावयास गेले, तीन पौंडांचे व्हायोलिन विकत घेतले. या खटाटोपातून त्यांना इंग्रज माणूस सापडला नाही. तो सापडला तो त्यांच्या शाकाहारामुळे. आईला दिलेल्या शब्दापायी अर्धपोटी हिंडत असता फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी भोजनगृह आढळले, तेथेच सॉल्ट यांचे पुस्तक मिळाले, आणि शाकाहार मानणाऱ्या इंग्रजांच्या मंडळींत त्यांचा प्रवेश झाला. बेजवॉटर भागात त्यांनी छोटे शाकाहारी मंडळ काढले. त्याचे उपाध्यक्ष होते सर एडविन अर्नोल्ड, जे एके काळी पुण्याच्या सरकारी संस्कृत पाठशाळेचे प्रमुख होते. याच अर्नोल्डसाहेबांचे गीतेचे भाषांतर दोघा इंग्रज स्नेह्यांनी आपल्याबरोबर वाचावयास त्यांना बोलाविले, तेव्हा आपण गीता कधी वाचलीच नाही, याची त्यांना लाज वाटली. ब्रायटनच्या हॉटेलात फ्रेंच भाषेतील खाद्यपदार्थांची यादी वाचता येईना, म्हणून गोंधळून बसलेल्या या तरुणास एका वृद्ध बाईने कोणते पदार्थ चालतील ते सांगितले, आणि पुढे लंडनमध्ये दर रविवारी आपल्या घरी जेवावयास बोलाविले.

परत आल्यावर १८९१ मध्ये नाशिकास गोदावरीचे स्नान झाले, राजकोटला ज्ञातिभोजन झाले. ज्ञातीतील एका तटाने तरीही त्यांना घेतले नाही, आणि सासरच्या घरी त्यांनी पाणीही घेतले नाही.

या दंडव्यवहाराचे हास्यास्पद टोक त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात गाठले गेले होते. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली. निमंत्रितांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. नावे वर्तमानपत्रात फुटली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि १८९२ मध्ये रानड्यांसारख्या थोर पुरुषाने घरच्या व स्नेह्यांच्या भिडेखातर प्रायश्चित्त घेतले. नावे फोडणारे गृहस्थ होते गोपाळराव जोशी, म्हणजे आनंदीबाईंचे यजमान! पत्नीला सातासमुद्रापलीकडे पाठविणाऱ्या या विक्षिप्त माणसाने सुधारकांचे धैर्य किती, हे एका पेल्यात मोजून दाखविले.

याच पंगतीची दुसरी बाजू आपल्या मंडळींनी विसरू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. १९१७ मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. हिंदू घरात जागा मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत उतरले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. आमचे पूर्वज परदेशी पंक्तीत बसल्याने बाटत होते. या मराठी विद्यार्थ्याला माणसांच्या बरोबरीची पंगत प्रथम परदेशातच मिळाली होती. आमच्यासारख्यांच्या घरांनी ती त्याला येथे दिली नव्हती.

आमच्या घरचाही थोडा दोष सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. आजोबांचे धाकटे बंधू वैद्यकीसाठी एडिंबरोस गेले होते. परत आल्यावर त्यांचे पान वर्षभर पडवीत मांडले जाई, आणि पंचगव्य घेऊनही कित्येक वर्षे लग्नकार्यात त्यांना पंक्तीच्या टोकाला बसवीत, असे आजी सांगत असे. ते तेथे पाच वर्षे कोणाच्या घरी राहिले, असे आम्ही लहानपणी आजीला विचारले. तिला माहीत नव्हते. घरात कोणालाच माहीत नव्हते. त्यांनी बरोबर आणलेला एक लोकरीचा गळपट्टा तेवढा ट्रंकेत होता. तो कोणी विणून दिला, हे विचारावयास ते हयात नव्हते.

ही गोष्ट आम्ही वडीलधाऱ्यांच्या कर्मठपणाचा नमुना म्हणून अनेकदा सांगितली. मग आम्ही स्वतः लेकीकडे न्यू जर्सीस गेलो. नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारी तिकडे 'थँक्सगिव्हिंग' नावाचा सण असतो. सारे कुटुंब दूरदूरच्या गावांहून एका मेजाभोवती जमते, आणि वर्षभरात लाभलेल्या सुखाबद्दल आभार मानते. शेजारच्या वृद्ध बाईंनी आम्हां उभयतांस आग्रहाने बोलाविले. आम्ही शाकाहारी आहोत हे त्यांना ठाऊक होते. रताळ्याचा पदार्थ आणि भोपळ्याचा गोड पदार्थ तुमच्यासाठी करते, असेही त्या म्हणाल्या. मेजाच्या मध्यभागी टर्की पक्षी असणार, या विचाराने आम्ही प्रकृतीचे निमित्त सांगितले आणि घरी खिचडी खाल्ली. ज्ञातीने बंदी घातली नव्हती, सव्वा रुपया दंड नव्हता, पडवीत पान मांडणारे कोणी नव्हते. संध्याकाळी त्यांचा नातू झाकलेली थाळी दाराशी देऊन गेला. दोन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा त्या घरात दुसरे बिऱ्हाड आले होते. त्या बाईंच्या घरी सणाला कोण काय बोलतो, आजोबा आधी बोलतात की मुले, हे आम्हांस आता कळणार नाही.

त्याच मुक्कामात जावयांनी आम्हांस हडसन नदीच्या काठच्या पोकीप्सी या गावी नेले. आनंदीबाई १८८६ च्या अखेरीस क्षयाने खंगून परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक कागदावरच राहिली. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेस पाठविली. ज्या काळी समुद्र ओलांडून आलेल्या जिवंत माणसाला घरात घेण्याची पंचाईत पडे, त्या काळी ही रक्षा समुद्र ओलांडून गेली, आणि त्या कुटुंबाने ती आपल्या घरच्या माणसांसाठी राखलेल्या दफनभूमीत ठेवली. तेथे इतर दगडांच्या ओळीतच एक दगड आहे. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची अक्षरे त्यावर कोरलेली आहेत. आम्ही गेलो तेव्हा थंडी होती. सौभाग्यवतींनी पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला, क्षणभर आजूबाजूच्या कार्पेंटर मंडळींच्या दगडांकडे पाहिले, आणि चालेल ना, असे आम्हांस विचारले.